रिकामी जागा सुरक्षितपणे टाकून देण्याबाबत

जी वस्तू आपण आधीच टाकून दिली आहे ती पुन्हा एकदा टाकून द्या, असं कुणी सांगितलं तर माणसाने काय करावं? घरच्यांनी सांगितलं असतं तर मी "बरं" म्हटलं असतं आणि विसरून गेले असते. घरच्यांच्या निम्म्या सूचनांचा मी असाच आदर करते. पण हे ऑफिसने सांगितलं होतं, लेखी सांगितलं होतं, आणि वर धमकीही दिली होती.

मी नकाशे काढते. शाळांच्या भिंतींवर, कचेऱ्यांत, क्वचित एखाद्या हौशी माणसाच्या दिवाणखान्यात लागतात ते मोठे नकाशे. गुंडी झाल्यापासून हे काम मी घरून करते. गुंडी म्हणजे माझी मुलगी. तिला भारदस्त असं खरं नावही आहे, पण ते ती मोठेपणी वापरेल. सध्या नाक, तोंड आणि राग आल्यावरचे डोळे हे सगळंच गुंडीएवढं आणि गुंडीसारखं गोल असल्यामुळे ती गुंडी. माझा कॉम्प्युटर इस्त्रीच्या टेबलावर असतो, आणि त्यामुळे आमच्या घरात सध्या कुणाच्याच कपड्यांना इस्त्री नसते. कॉम्प्युटर घरी असला तरी त्याचं पोट मात्र ऑफिसात आहे. मी जे जे जपून ठेवते ते तारेवरून ऑफिसातल्या मोठ्या साठवणीत जाऊन पडतं. तिथे आम्हा प्रत्येकाला जागेचा एकेक वाटा आखून दिलेला आहे.

तर नोटीस अशी होती : "आपल्या वाट्याची जागा मर्यादेबाहेर भरली आहे. शुक्रवार सायंकाळपर्यंत न वापरलेली जागा टाकून देऊन वाटा मोकळा करावा. अन्यथा सदर वाटा अन्य कर्मचाऱ्यास देण्यात येईल व आपणास नावतपासणीच्या टेबलावर वर्ग करण्यात येईल."

नावतपासणीचं टेबल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. तिथे दुसऱ्याने काढलेल्या नकाशातली गावांची नावं एका यादीशी ताडून बघायची असतात. रेघ ओढायची नाही, रंग भरायचा नाही, एखादी टेकडी जरा डावीकडे असावी असं मतसुद्धा द्यायचं नाही. वाईट काम आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे त्या टेबलावर गेलेला माणूस एकदम निरोपसमारंभालाच उठतो. आणि मला रेघ ओढायची असते. गुंडी पोटात असताना पोटामुळे टेबल लांब गेलं, तेव्हा मी हात लांब करून रेघा ओढल्या आहेत.

शिवाय मी जागा मोकळी केली होती! आधीच्याच आठवड्यात, एका हाताने पाळण्याची दोरी ओढत, दुसऱ्या हाताने मी जुने कच्चे नकाशे, अर्धवट किनारे, कंटाळून सोडलेली बेटं, सगळं पुसून काढलं होतं. माझ्या पडद्यावर निम्म्याहून जास्त वाटा रिकामा दिसत होता. इतकं स्वच्छ माझं घरसुद्धा कधी नसतं. मी फोन उचलला.

ऑफिसात साठवण सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे साठवणसाहेब म्हणतात. आवाज असा, की आपण फोन करण्याआधी ते झोपले होते की जेवत होते ते कळत नाही, पण आपल्यामुळे ते राहून गेलं एवढं नक्की कळतं.

"मॅडम, तुमचा वाटा काठोकाठ आहे," ते म्हणाले.

"अहो, माझ्याकडे निम्म्याहून जास्त रिकामा दिसतोय."

"तुमच्याकडे दिसत असेल. आमच्याकडे भरलेला आहे."

"पण मी सगळं पुसून टाकलंय."

"पुसलंत हो तुम्ही. आम्हाला कुठे सांगितलंत?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि समजावून सांगताना त्यांचा आवाज प्रथमच जागा झाला. आपण एखादी फाइल पुसतो तेव्हा आपला कॉम्प्युटर फक्त आपल्यापुरती नोंद करतो की आता ही जागा मोकळी. त्या जागेत जे पडलेलं असतं ते तसंच पडून राहतं. आणि पलीकडच्या साठवणीला यातलं काहीच कळत नाही. ती बिचारी आपली त्या सगळ्या कचऱ्यावर इमानेइतबारे पहारा देत बसते.

"म्हणजे मी भाड्याची खोली सोडली," मी म्हटलं, "पण किल्ली खिशात घेऊन आले. घरमालकाच्या हिशेबी मी अजून तिथेच राहते."

"बरोबर! आणि वर तुमचा मोडका पलंगही तिथेच आहे," ते खूश होऊन म्हणाले. "किल्ली परत देण्याची एक आज्ञा असते. ती चालवली की तुमचा कॉम्प्युटर साठवणीला सांगतो, हा तुकडा लागत नाही, हा लागत नाही, हा टाका."

"मग चालवू या ना. आत्ता."

"अशी कशी चालवणार?" आवाज पुन्हा झोपला. "टाकलं की गेलं, मॅडम. नुसतं पुसलेलं एखादे वेळी परत काढता येतं. टाकलेलं ब्रह्मदेवालाही परत काढता येत नाही. परवानगी लागते."

परवानगी आमच्या विभागप्रमुख बाईंची लागत होती. बाई स्वभावाने प्रेमळ आहेत आणि हीच अडचण आहे. त्यांच्यासमोर भांडायची सोय नसते.

"अगं, कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" त्या म्हणाल्या. "नावतपासणी काय वाईट आहे? बाळ लहान आहे तुझं. बसल्या बसल्या होणारं काम आहे."

"बाई, नकाशाही मी बसूनच काढते."

"तसं नाही गं. डोक्याला ताण नाही. आता तुझं लक्ष दोन ठिकाणी असणार, साहजिक आहे. मी तुझ्या भल्यासाठीच सांगते."

आपल्या भल्यासाठी सांगणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं ते मला अजून सापडलेलं नाही. मी म्हटलं, "मला परवानगी द्या." त्यांनी उसासा टाकला आणि म्हटलं की साठवण विभागाने कळवलं तर त्या देतील. साठवण विभागाने म्हटलं की न वापरलेल्या जागेत उपयोगाचं काही नाही असा दाखला मी दिला तर ते कळवतील. मी दाखला लिहून दिला : "माझ्या न वापरलेल्या जागेचा वापर होत नाही, हे मी प्रमाणित करते." तो परत आला. शेरा होता, "न वापरलेल्या जागेत काय आहे ते नमूद करावे." मी लिहिलं, "काही नाही." तो परत आला. "काही नाही म्हणजे काय, ते स्पष्ट करावे."

मी इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकलं. खालून गुंडीने माझ्या पायाचा अंगठा तोंडात घातला. या घरात निदान एका माणसाला माझा काहीतरी उपयोग होता.

हे प्रकरण घरात कळायला नको होतं. पण आमच्या घरात गोष्ट लपवायला जागा नाही. संध्याकाळी चहाला सगळे जमले आणि शेजारच्या काकूही आल्या. काकूंना आमच्याकडे चहा झाला की भिंतीतून कळतं.

"न वापरलेली आहे म्हणून टाकायची?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या माळ्यावरचे रिकामे डबे मागितल्यासारखा भाव होता. "कुणी सांगितलं गं तुला? उद्या लागली तर?"

"आई, लागली की परत मिळते."

"टाकलेलं परत मिळतं? रिकामा डबा एकदा टाकून बघ. दुसऱ्याच दिवशी नेमकी त्या मापाची वस्तू घरात येते."

"वहिनी, माझं ऐक," काकू मला म्हणाल्या. मी त्यांच्या मुलीच्या वयाची आहे, पण त्या सगळ्यांना वहिनीच म्हणतात. "ते सगळं मुळापासून पुसून टाक. माझा मोबाइल असाच जड झाला होता. मी आत शिरून जे दिसेल ते पुसलं. आमच्या ह्यांचा नंबरसुद्धा गेला. हे बाहेरगावी होते. इतके निवांत दिवस गेले म्हणून सांगू!"

माझा नवरा विम्याच्या ऑफिसात असल्यामुळे कुठल्याही गोष्टीचा विचार ती जळून गेली तर काय, या टोकापासून सुरू करतो. "आधी प्रत काढून ठेव," तो म्हणाला. "चालू नकाशाची. मग काय ते टाक." हा त्या संध्याकाळचा एकमेव शहाणा सल्ला होता आणि तो नवऱ्याने दिला याचं मला थोडं वाईट वाटलं.

सासऱ्यांनी मात्र सल्ला दिला नाही. ते सरकारी अनुदान विभागातून निवृत्त झालेले आहेत. अनुदान आलं, वाटलं, उरलं, परत गेलं, यात त्यांची हयात गेली. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे न वापरलेली जागा शुक्रवारी परत जाणार?"

"हो, बाबा."

"आणि शुक्रवारच्या आत वापरली तर?"

"तर ती न वापरलेली राहणार नाही," मी सहज म्हटलं. गुंडीने काकूंचा चष्मा ओढला होता, माझं लक्ष तिकडे होतं. बाईंनी म्हटल्याप्रमाणे दोन ठिकाणी. बाबांनी मान डोलावली आणि चहा पिऊन ते उठून गेले. त्या मान डोलावण्याकडे मी नीट बघायला हवं होतं.

दाखला अखेर मंजूर झाला. कसा, ते सांगते. मी चिडून लिहिलं, "न वापरलेल्या जागेत माझे जुने, चुकलेले, मीच नाकारलेले नकाशे आहेत. ते चुकीचे होते हे मला त्या वेळीही कळत होतं आणि आताही कळतं. माझ्या चुका टाकून देण्याचा अधिकार मला असावा, अशी विनंती आहे." साठवणसाहेबांचा फोन आला. "मॅडम, असा दाखला आमच्याकडे पूर्वी आलेला नाही," ते म्हणाले, आणि बाईंची परवानगी मिळाल्यावर पुन्हा फोन करून, "शुक्रवारी दुपारी चालवू," असं म्हणाले.

मग मी तयारीला लागले. 'सुरक्षितपणे' हा शब्द नोटिशीत नव्हता, तो मी माझ्या मनाने घातला होता. त्या आठवड्यात मी किनाऱ्याचा एक मोठा नकाशा पुरा करत होते. त्याची प्रत काढली. साठवणसाहेबांनी तेवढ्यापुरता अधिकार दिला, तेव्हा एका चिमुकल्या कोऱ्या तुकड्यावर ती आज्ञा चालवून बघितली. तुकड्याशेजारचं काही हललं नाही. सर्वकाही ठीक होतं. गुरुवारी दुपारी गुंडीला दात येत असल्याने ती कुणाच्याच खांद्यावर टिकेना. मी तिला घेऊन गच्चीत फेऱ्या मारत राहिले. कॉम्प्युटर चालूच होता. घरात आई झोपल्या होत्या आणि बाबा पेपर वाचत होते, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी गुंडीला मांडीवर घेऊन मी फोन लावला.

"चालवू या," साठवणसाहेब म्हणाले. "तुमच्याकडे रिकामं किती दिसतंय ते एकदा वाचा."

मी वाचायला गेले. वाचण्यासारखं काही नव्हतं. गुंडीला खांद्यावर घेऊन पुन्हा बघितलं. माझा निम्म्याहून जास्त रिकामा वाटा गळ्यापर्यंत भरलेला होता. नखभर जागा नव्हती.

"मॅडम?"

"एक मिनिट."

"मॅडम, तुम्ही दाखला दिलाय की जागा न वापरलेली आहे."

"होती हो. काल होती!"

"आता काय टाकणार? भरलेलं टाकायची आज्ञा नसते. संध्याकाळी वाटा जातो, मॅडम. माझ्या हातात काही नाही." या वेळी त्यांचा आवाज झोपलेला नव्हता. त्यांनाही वाईट वाटत होतं.

फोन ठेवून मी बघितलं तर 'बाबा – महत्त्वाचे' असं एक फोल्डर होतं. आत बाबांच्या निरोपसमारंभाची चित्रफीत. मूळ फीत, मग 'निरोप प्रत', मग 'निरोप प्रत – राखीव', मग 'राखीवची प्रत', मग 'राखीवच्या प्रतीची प्रत (तपासलेली)'. खाली, खाली, खाली, पडदा संपेपर्यंत. प्रत्येकीत तोच हार, तेच भाषण, आणि भाषणाच्या मध्येच पंखा बंद पडल्याचं तेच दृश्य.

"बाबा!" मी हाक मारली. ती हाक काकूंकडेही गेली असणार, कारण त्याही बाबांच्या मागोमाग आल्या.

बाबा दारात उभे राहिले. चेहऱ्यावर एखादी मोठी कामगिरी पार पाडलेल्या माणसाचं समाधान होतं. "झालं ना काम? तसूभरही परत जाऊ दिली नाही मी. काल सबंध दुपार बसलो होतो."

"बाबा, ती परत जायलाच हवी होती!"

"वेडी आहेस." ते आत येऊन पलंगाच्या कडेवर बसले. "पस्तीस वर्षं मी हेच बघितलं. वर्षअखेरीला अनुदान शिल्लक दाखवलं की वरचे खूश होत नाहीत, पोरी. म्हणतात, याला लागत नाही. पुढच्या वर्षी तेवढं कापतात. माझ्या विभागात दोन टेबलं रिकामी होती. माणसं रजेवर होती, बाळंतपणाच्या. मी प्रामाणिकपणे लिहिलं, रिकामी आहेत. परत आल्या तेव्हा टेबलं नव्हती. त्या दोघी मग कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिल्या, कित्येक वर्षं." त्यांनी पलंगाची चादर सारखी केली. "तुझं टेबल जाऊ द्यायचं नव्हतं मला."

आता माणसाने रागवावं कसं? मी तोंड उघडलं होतं रागवायलाच. ते तसंच उघडं राहिलं आणि गुंडीने त्यात तिचं बोट घातलं.

"मला निरोपाची एक तरी प्रत ठेव," बाबा हळूच म्हणाले.

"एक ठेवते. बाकीच्या जाणार."

"त्यात काही महत्त्वाचं नाही ना, ते आधी बघून घे," नवरा आईंच्या फोनवरून ओरडला. त्याला आईंनी ऑफिसात फोन करून 'घरी ये, घरात आगीसारखं काहीतरी झालंय' असं कळवलं होतं, त्यामुळे तो त्याच्या आवडत्या टोकापासूनच सुरू झाला होता.

एक एक फाइल उघडून बघायला वेळ नव्हता. सगळं एकदम निवडून पुसायला बोट टेकवलं होतं. पण मी स्वतःच तो 'सुरक्षितपणे' शब्द घातला होता, आणि दिलेल्या शब्दाला जागणं, निदान स्वतःच्या, मला भाग होतं. मी दातओठ खाऊन एक एक उघडू लागले. हार. पंखा. हार. पंखा. काकू मागे उभ्या राहून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही भाषण छान केलं होतं हो." आणि मधेच, एका निरोपाच्या आणि दुसऱ्या निरोपाच्या फटीत, माझा किनारा होता. अख्खा. पुरा झालेला.

"बाबा, हा नकाशा इथे कसा?"

"बाहेर उघड्यावर पडला होता. मौल्यवान वस्तू मी सुरक्षित ठिकाणी हलवली." मग त्याच सुरात, "तुझी ती प्रतही. आणि दोन्हीकडे एकच वस्तू कशाला, म्हणून एक काढून टाकली."

म्हणजे जगात माझा किनारा आता एकच होता आणि मी त्याच्यावरून हात फिरवणार होते. पुसलं असतं, आणि लगेच टाकून दिलं असतं, परवानगीने, दाखल्यासकट. ब्रह्मदेवालाही परत काढता आला नसता. मी हात मागे घेतला. गुंडीला आईंकडे दिलं. आईंनी काहीही न विचारता तिला घेतलं आणि कधी नव्हे ते काकूंना म्हणाल्या, "जरा गप्प बसा हो, काम करतेय ती."

किनारा बाहेर काढला. त्याची प्रत घेतली, आणि ती आईंच्या स्वयंपाकघरातल्या एका डब्यात ठेवली. म्हणजे प्रत ज्यावर होती ती पेनड्राइव्हची बोटाएवढी काडी ठेवली. मग निरोप एक सोडून सगळे पुसले. पुन्हा एकदा रिकामी जागा वाचली. निम्म्याहून जास्त. साठवणसाहेबांना फोन लावला.

"आहात ना?"

"इथेच आहे, मॅडम. मी जेवायला गेलेलो नाही."

मी आज्ञा चालवली. पडद्यावर काहीच झालं नाही. ना घंटी, ना दिवा. माणसाच्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी इतक्या गुपचूप होऊ नयेत असं माझं मत आहे. मग फोनमधून हळूहळू आवाज आला. "उतरतंय... उतरतंय, मॅडम... अहो, काय उतरतंय!" आणि ते हसले. साठवणसाहेब हसतात हे विभागात कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं तर अजूनही कुणाला खरं वाटत नाही.

घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बाबांनी स्वतः सगळ्यांना चहा केला. दूध उतू गेलं. तेवढ्यात नवी नोटीस आली.

"आपण प्रत्यक्षात अत्यल्प जागा वापरत असल्याचे आढळून आल्याने आपला वाटा वापरलेल्या जागेपुरता मर्यादित करण्यात येत असून शिल्लक जागा अन्य कर्मचाऱ्यास देण्यात येत आहे. नावतपासणीच्या टेबलाबाबत स्वतंत्रपणे कळविण्यात येईल."

मी ती दोनदा वाचली. मग बाबांनी चष्मा लावून वाचली. मला वाटलं, आता ते म्हणणार, सांगत होतो. पण ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. त्या सदऱ्यालाही इस्त्री नव्हती.

भरलं होतं तेव्हा जास्त वापरते म्हणून वाटा जात होता. रिकामं केलं तर कमी वापरते म्हणून जात होता. मला एकदम कळलं की यात जागेचा काही प्रश्नच नव्हता. आणि हे कळल्यावर मी नोटीस बाजूला सारली. गुंडीला परत मांडीवर घेऊन मी बाईंनाच फोन लावला.

"अगं, बरंच झालं की," बाई म्हणाल्या. "थोडी जागा, थोडं काम. बाळाकडे बघ आता निवांत."

"बाळाकडे मी बघतेच आहे, बाई. ते आत्ता फोनची वायर खातंय. मला माझा वाटा पूर्ण हवा."

"रिकामा? काय करणार गं तू एवढी रिकामी जागा घेऊन?"

मोठं चांगलं विचारलं त्यांनी. उत्तर माझ्याकडे आधीपासून नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हाच ते समोर येऊन उभं राहिलं.

"नद्यांचा भिंतनकाशा कोण काढतंय?"

सगळ्या नद्यांचा, उगमापासून मुखापर्यंत, एका भिंतीएवढा नकाशा. ते काम विभागात कधीचं लोंबकळत होतं. बाई म्हणाल्या, "कुणीच नाही. तो कुणाच्या वाट्यात मावत नाही ना. सगळ्यांचे वाटे भरलेले आहेत."

"माझ्यात मावतो. तासाभरापूर्वीच रिकामा झालाय. साठवणसाहेब साक्षीला आहेत."

"पण तो फार मोठा आहे. तुझ्याच्याने आता..." त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता. "दोन ठिकाणी लक्ष..."

"दोनच ठिकाणी आहे, बाई. एक माझ्या मांडीवर आहे आणि एक माझ्यासमोर. बाकी घरातलं, शेजारचं, ऑफिसातलं सगळं लक्ष मी आज टाकून दिलंय. आता भरपूर जागा आहे."

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सोमवारी बसून बघू."

"सोमवारी बघा जरूर. मी कोरा कागद उघडलाय. भिंतीएवढा. सगळी जागा त्याला लावली आहे. आता ती न वापरलेली नाही, आणि वापरलेली जागा काढून घ्यायची तर तुम्हालाच दाखला द्यावा लागेल, की मी काढतेय त्या नद्यांचा काही उपयोग नाही."

फोन ठेवला तेव्हा दारात सगळे उभे होते. आई गुंडीला न्यायला पुढे आल्या, मी मान हलवली. ती माझ्या मांडीवरच बसली. मी डोंगराच्या कुशीत पहिल्या नदीच्या उगमाचा ठिपका दिला आणि रेघ खाली आणायला सुरुवात केली. रेघ हलकी होती, बारीक, डोंगर उतरताना असावी तशी. मी मनाशी काहीतरी गुणगुणत होते. तेवढ्यात गुंडीने दोन्ही तळवे पाणी उडवावं तसे टेबलावर आपटले, आणि माझी नदी डोंगर सोडून सरळ आकाशाकडे निघाली.

मी गुंडीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला तिची नदी आवडली होती, मलाही थोडी आवडली. पण शाळेच्या भिंतीवर लागायचा नकाशा आहे. मी ते वळण पुसलं. आणि दुपारी दिलेला अधिकार काढून घ्यायला साठवणसाहेब विसरले होते, बहुधा तो काढायलाही परवानगी लागत असणार, म्हणून पुसल्यावर लगेच ती आज्ञा चालवून ते टाकूनही दिलं. दाखला नाही, शेरा नाही, कुणाला विचारलं नाही. मग नदी पुन्हा उगमापासून काढायला घेतली.